पोट्ट्यायच्या वॉर्डातला ब्रदर

दोष डॉक्टरसरांचा. त्यांच्या आईचा नाही, इन्चार्ज सिस्टरचा नाही, आणि माझा तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण किस्से सुरू झाले की लोक हसायला लागतात, आणि हसण्याच्या गडबडीत दोषी माणूस आरामात निसटतो.

बाकी दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. वॉर्डाच्या दाराशी चपला साचतात, तसे ते साचतात. कोणाची कुठली, कोण टाकून गेलं, काही पत्ता नाही. चांदूर रेल्वेला स्टेशनासमोर मित्रांबरोबर चहाला बसलो की एकजण म्हणतो, "तो मधाचा सांग बे!" तो संपत नाही तर दुसरा, "तो गुरुजीचा सांग!" एकाला ओढलं की त्याच्या पट्ट्यात अडकून दुसरा येतो.

नव्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. नंतर नर्सिंगचा कोर्स केला, तो पूर्ण केला, नोकरीला लागलो. पण आमच्या घरी माणूस एकदा 'सोडणारा' ठरला की मरेपर्यंत सोडणाराच! अमरावतीत एका हाडांच्या दवाखान्यात होतो. पुरुष नर्सला सगळीकडे 'ब्रदर' म्हणतात. तर मी ब्रदर.

*

हाडांच्या वॉर्डात एक माजी सरपंच होते. मांडीचं हाड मोडलेलं, मिशा मात्र शाबूत. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की रोज विचारायचे, "ब्रदर, दुखनार नाई ना?"

सिनियर लोकांनी मला शिकवलं होतं, पेशंटला कधी 'दुखेल' म्हणायचं नाही. मी म्हणायचो, "नाही काका." मग ते ओरडायचे, माझ्या सात पिढ्या काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत, "दुखनार नाई ना?"

एक दिवस शेजारच्या बेडवर एक पोट्टा आला. सहा-सात वर्षांचा असेल. चिंचेच्या झाडावरून पडून हात मोडून घेतलेला. त्याने मला विचारलं, "दुखन का?"

त्याच्यापुढे खोटं बोलायचं काही सुचलंच नाही. म्हटलं, "दुखन. थोडा वेळ."

"मंग लवकर कर ना! काहून टाइमपास करून राहिला?"

दात दाबून बसला बेटा. डोळ्यांतून पाणी, पण हात जागचा हलला नाही. सरपंच तिकडून म्हणाले, "पाहा, कसे निगरगट्ट झाले आजकालचे पोट्टे!"

त्याच आठवड्यात मी ठरवलं, लहान मुलांच्या वॉर्डात जायचं. ज्यांना खरं सांगितलेलं चालतं, अशा लोकांत काम करायचं.

घरी सांगितलं. बाबा एस.टी.तून रिटायर झालेले. जेवता जेवता थांबले.

"आधी मशिनी सोडल्या. आता धडधाकट मानसं सोडून राहिला. अन् जातं कुठं?"

"पोट्ट्यायच्या वॉर्डात."

"ते बायकायचं काम हाय."

"डॉक्टर तर बाप्ये असतात ना पोट्ट्यायचे?"

बाबा म्हणाले, "ते डॉक्टर असतात." आणि वरण मागितलं. विषय संपला!

*

अकोल्यात एका मोठ्या बालरुग्णालयात मुलाखत झाली. नाव सांगत नाही. खाली ओपीडी, मधल्या मजल्यावर वॉर्ड, आणि वरच्या मजल्यावर मालक डॉक्टरांचं घर. हे डॉक्टर म्हणजे आमचे सर. पांढरे केस, शांत आवाज, इस्त्रीचा शर्ट. बोलणं एकदम पुस्तकातलं. पोराला तपासताना स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या तळहातावर घासून गरम करायचे. मी ते पाहिलं आणि तिथेच फिदा झालो. खोटं कशाला बोलू?

सरांनी विचारलं, "मुलं आवडतात?"

म्हटलं, "मोठी माणसं आवडत नाहीत, सर."

सर मोठ्याने हसले. म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमचं काम पाहतो. जमलं तर कायम करतो, आणि बालरोग नर्सिंगच्या कोर्सला दवाखान्यातर्फे पाठवतो."

हा कोर्स म्हणजे माझ्यासाठी सगळं होतं. तो झाला की मी कायदेशीरपणे मुलांचा नर्स. मग कोणत्याही दवाखान्यात, कोणीही मला परत प्लास्टर कापायला पाठवू शकणार नव्हतं.

सरांनी मला इन्चार्ज वानखडे सिस्टरांच्या ताब्यात दिलं. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वॉर्डातली पोरं त्यांना भीत नसत, पोरांचे बाप भीत. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तिकडं काय करत होते तुमी?"

"प्लास्टर कापत होतो, सिस्टर."

"इथं आधी नखं कापून या."

*

खरा धक्का पोरांचा नव्हता, पोरांमागे येणाऱ्या लोकांचा होता.

हाडांच्या वॉर्डात मोठा माणूस भरती झाला की पहिल्या दिवशी सगळं गाव येतं. चार दिवसांनी त्याच्या उशाशी फक्त बायको उरते, तीही वैतागलेली. पोराचं उलटं. ताप एका पोराला, आणि दोन्हीकडच्या आज्या, दोन्हीकडचे आजोबा, काका, मामा, आणि मामाचा मित्र! सगळ्यांना सगळं कळतं. फक्त पोराच्या आईला कोणी काही विचारत नाही.

जुलाबाने सुकलेली चार वर्षांची एक पोट्टी आली. दर्यापूरकडचे लोक. सलाइन लावायचं होतं. तिचे आबाजी म्हणजे धिप्पाड माणूस, डोक्यावर फेटा, आवाज असा की खालची ओपीडी हलावी. माझ्या मानेपाशी उभे राहून कॉमेंट्री चालू.

"ए, हळू! शीर फुटन तिची! कसा धरून राहिला हात? तुले येते का नाई? मोठ्या डॉक्टरले बोलव!"

पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला सांगितलं, "मुंगी चावते तसं होईन. मोठी मुंगी." सुई टोचली. तिने एकच 'आई' केलं आणि गप्प झाली.

मागे धाडकन आवाज झाला. आबाजी फरशीवर, फेटा पलंगाखाली! सुईपाशी आलेला रक्ताचा थेंब पाहून माणूस आडवा. सगळा गोतावळा त्यांच्याकडे धावला.

पोट्टीने मान उंच करून पाहिलं, आणि मला म्हणाली, "आबाजीले बी लाव ना एक."

*

बाप्या माणूस म्हणून सुरुवातीला मला फार ऐकावं लागलं. वॉर्डात बाळंतिणी असतात, बाळांना पाजत असतात. मी आत शिरलो की कोणाची तरी सासू खेकसायची, "ह्या बाप्याले कोनं सोडलं आत?" मी पाठ फिरवून बाहेर. बाहेर जाऊन काम कसं होणार?

एका सासूने तर कहर केला. बाळ नीट दूध ओढत नव्हतं, वजन उतरत होतं. वानखडे सिस्टर तातडीच्या पेशंटमध्ये अडकल्या होत्या. मी पडद्याबाहेरून आईला समजावत होतो. बाळाचं डोकं कोपराच्या घडीत घ्या, पोट तुमच्या पोटाला लावा, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. सासू पडद्यापुढे हात पसरून उभी, जसा काही मी दरोडा घालायला आलोय.

"तुले काय कळते रे? तू कधी पाजलं का?"

आतून सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी पाच पाजले ना? मंग चार दिवसांपासून तुमच्यानं काहून नाई जमलं? त्याले बोलू द्या."

 बाहेर व्हरांड्यात बसलेला नवरा उठून सरळ जिना उतरून गेला. संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

बाळाने मात्र दूध ओढलं.

*

आता मधाचा.

सरांची आई वरच्या मजल्यावर राहायची. सगळे तिला 'मोठ्या बाई' म्हणत. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात चांदीची वाटी. रोज सकाळी त्या खाली वॉर्डात यायच्या आणि नव्या बाळांच्या जिभेवर बोटाने मध लावायच्या. त्या वाटीतला मध, ते बोट, एका बाळानंतर दुसरं बाळ!

मी नर्सिंगला शिकलोय, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. ओपीडीत सरांच्या खुर्चीमागे हेच लिहिलेलं मोठं पोस्टर होतं. सर प्रत्येक आईला ते वाचून दाखवायचे. फार सुंदर समजावायचे.

एकदा जुन्या शहरातली एक तरुण आई हे सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाली, "सर, मग वरच्या आजींनी सकाळी मध दिला तो?"

मी ट्रे धरून शेजारी उभा. वाटलं, आता सर उठणार, आता वर जाणार, आता एकदाचं होणार.

सर प्रिस्क्रिप्शनकडे पाहत म्हणाले, "तो प्रसाद आहे."

*

मी सिस्टरांना विचारलं, "हे थांबवत काहून नाही कोणी?"

"थांबवतो ना," त्या म्हणाल्या. "पाहाल."

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा वरून खाली येण्याचा आवाज झाला. सिस्टरांनी टाळी वाजवली, आणि आयाबाई, शिकाऊ पोरी, सगळ्या पळत सुटल्या. कावीळ झालेल्या बाळांना निळ्या लाईटच्या पेटीत ठेवतात. तर ज्यांना काही झालेलं नाही, अशी धडधाकट बाळंसुद्धा उचलून त्या पेट्यांत! डोळ्यांवर पट्ट्या, वर झाकण. एका पेटीत दोन-दोन!

मोठ्या बाई आत आल्या. वाटी हातात.

"आज बी सगळे पेटीत?"

"हो ना बाई," सिस्टर म्हणाल्या, चेहरा एकदम रडवेला. "लय कावीळ चालून राहिली."

"माय वो! मोर्ना नदीच्या पान्यात काही आलं असन." बाई हळहळत निघून गेल्या. लिफ्ट वर गेली, की बाळं पेटीतून बाहेर, आयांच्या कुशीत.

मी हसून हसून खाली बसलो. मग विचारलं, "सरांना माहीत आहे हे?"

सिस्टरांनी चष्मा पुसला. "सरांनीच सांगितलं."

माझं हसू तिथेच थांबलं. मोठा डॉक्टर, अख्ख्या अकोल्यातल्या आईबापांना शिकवणारा. आणि स्वतःच्या आईला 'नको' हा एक शब्द म्हणायच्या ऐवजी चांगल्या पोरांना पेटीत लपवायची सोय करतो! हा किस्सा सांगितला की मित्र लोळतात. मी सिस्टरांचा चेहरा करून दाखवतो, तेव्हा तर जास्तच.

*

मेळघाटातलं पोर आलं की आमच्या वॉर्डातली शिकलेली मंडळी आधी झबलं वर करून त्याचं पोट पाहायची. पोटफुगीवर उपाय म्हणून गरम सुईचे चटके दिलेत का? तोंडं वाकडी करून बोलायची, "ह्या लोकायचं काही खरं नाई." सेमाडोहची एक बाई आली होती, बाळाला न्यूमोनिया. तिच्या देखत तिच्या बाळाचं झबलं वर केलं एका शिकाऊ पोरीने. पोट स्वच्छ.  त्या बाईने झबलं स्वतः खाली ओढलं.

त्याच दुपारी एक गाडी आली. एसी गाडी, मागच्या सीटवर बाळ, बाळाची आई आणि आजोबा. बाळ कळवळून रडत होतं. मी झबलं उघडलं. बेंबीभोवती ताजे चटके! बिब्बा गरम करून सुईने दिलेले, गोल, रांगेत, जसं काही फूटपट्टी लावून आखलेत.  डोकं फिरलं.

"कोनं केलं हे?" मी ओरडलो. "कोन्या गाढवानं केलं?"

आजोबा पुढे आले. मी पाहिलं आणि माझं तोंड उघडंच राहिलं. आमचे विज्ञानाचे गुरुजी! आठवीत त्यांनी आम्हाला उष्णतेचं वहन शिकवलं होतं. लोखंडी सळईला मेणाचे गोळे लावून, एक-एक कसा गळून पडतो ते दाखवलं होतं. अंधश्रद्धेवर शाळेत भाषण पण तेच करायचे.

"गुरुजी, तुम्ही?"

गुरुजींनी मला ओळखलं. जरासुद्धा गोंधळले नाहीत.

"पोट फुगलं होतं त्याचं. शाळा वेगळी असते बाबू, घर वेगळं असते."

बाळाची आई खिडकीबाहेर पाहत होती. खांदे हलत होते. मी जखमा साफ करत होतो. आणि गुरुजी, माझ्या मागे उभे राहून, अगदी मायेने विचारतात, "तू इंजिनिअरिंग सोडलं म्हने?"

*

जुन्या शहरातली सना पाच वर्षांची. दम्याची पोरगी, महिन्यात एकदा तरी यायची. वाफेचा मास्क लावला की स्वतःला पायलट समजायची. तिला मी हात धुवायला शिकवलं होतं. बोटांच्या मधे, नखांत, मनगटापर्यंत. ती सगळ्या वॉर्डाला तपासायची. राउंडला आलेल्या सरांनाही तिने एकदा नळाकडे पाठवलं होतं. सर गेलेही, हसत.

एका सकाळी मोठ्या बाई तिच्या गालावर काजळाचा ठिपका लावायला वाकल्या. सनाने मास्क बाजूला केला.

"आजी, हाथ धो के आए क्या?"

बाईंचं बोट हवेत. वॉर्डातल्या सगळ्या आया पदराआड. वानखडे सिस्टर कपाटात तोंड घालून काहीतरी शोधायला लागल्या.

बाई माझ्याकडे वळल्या. "हे ह्यानं शिकवलं."

सना म्हणाली, "हौ! ब्रदर ने सिखाया."

दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "तुमचं काम उत्तम आहे. मुलं तुमच्यावर जीव टाकतात. मी पाहतो सगळं. फक्त वरच्या मजल्याशी जुळवून घ्या. कोर्सला तुमचं नाव माझ्या डोक्यात पक्कं आहे."

मी विचारलं, "सर, हात धुवा म्हणणं चूक आहे का?"

"चूक नाही," सर म्हणाले. "पण माझी आई आहे."

दिवाळी जवळ आली होती. 'हो सर' म्हणून मी बाहेर आलो.

*

आणि आता शेवटचा.

सरांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. नागपूरला दिलेली. सव्वा महिन्यानंतर बारसं ठेवलं, वरच्या मजल्यावरच. सकाळपासून फुलांचे हार, सनईची कॅसेट, आचारी. नागपूरहून व्याही मंडळी आली, दोन गाड्या भरून. आम्ही खाली ड्यूटीवर.

बाळाला दोन दिवसांपासून थोडी सर्दी होती. आदल्या दिवशी सरांनी मला वर पाठवलं होतं, नाकात थेंब टाकायला. मिठाच्या पाण्याचे थेंब, जे आम्ही दिवसातून शंभर बाळांना टाकतो. टाकले, बाळ शिंकलं, आई हसली. मी खाली आलो.

बारशाच्या सकाळी, पाळणा बांधून झाला असताना, सरांचा खाली फोन आला. "ब्रदर, वर या. जिन्याने या. सिस्टरांनाही आणा."

आतल्या खोलीत सरांची मुलगी पलंगावर बसलेली, भरजरी साडी, आणि मांडीवर बाळ. बाळ झोपलं होतं. पण झोप तशी नव्हती. हात सोडला की पडत होता. तळव्याला टिचकी मारली, पाय आखडला नाही. स्तनाशी धरलं तर ओठसुद्धा हलले नाहीत. श्वास चालू, पण मंद.

"सकाळी फार रडत होतं," मुलगी म्हणाली. "मग आजीने घेतलं. मग शांत झालं." तिचा आवाज फाटला. "बाबा, उठतच नाहीये ते!"

मी बाळाच्या तोंडाजवळ वाकलो. वास आला. बासुंदीला येतो तो. जायफळ!

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याआधीच वाकले होते. त्यांनाही आला होता वास. दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सहाण अजून ओली होती.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, जरीकाठी नेसून.

सरांनी विचारलं, "आई, किती उगाळलं?"

"बारशात रडन म्हनून दिलं थोडं. तुले देत होती तेवढंच. तू नाई झाला का डॉक्टर?"

बाळाला उचललं आणि आम्ही जिन्याने खाली पळालो. पेटीत ठेवलं, ऑक्सिजन लावला, शुगर तपासली, ग्लुकोज सुरू केलं. सिस्टर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मला शीर मिळाली, पहिल्याच वेळी.  सर स्टेथोस्कोप हातावर घासायचं विसरून तसाच बाळाच्या छातीला लावत होते, काढत होते, परत लावत होते.

वर सनई वाजतच होती. तिला बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

उन्हं कलायच्या सुमाराला बाळाने पाय आखडला. मग तोंड वाकडं केलं. मग रडलं. असं रडलं, की वॉर्डातल्या सगळ्या आया पलंगांवरून उठून दाराशी आल्या. सरांची मुलगी पेटीवर वाकली. सिस्टरांनी चष्मा काढला. मी भिंतीला टेकलो.

तेवढ्यात व्हरांड्यातून व्याही आत आले. कोट, टोपी, मागे त्यांचे दोन भाऊ. चेहरे घट्ट.

"डॉक्टरसाहेब, आमच्या नातवाला झालं काय होतं? खरं सांगा."

मोठ्या बाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात गरम होता.

"आमचा हा ब्रदर नवीन आहे," सर म्हणाले. आवाज तोच, शांत, पुस्तकातला. "काल सर्दीचं औषध द्यायला पाठवला होता. डोस जास्त झाला त्याच्याकडून. आता काळजीचं कारण नाही."

मला आधी वाटलं, सर दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत. मी खरंच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सर, थेंब मिठाच्या पाण्याचे होते!"

व्याह्यांचे भाऊ पुढे सरकले. "वरून तोंड करून बोलते! पोट्टं मारलं असतं लेकाच्यानं!"

"वास घ्या ना बाळाच्या तोंडाचा!" मी ओरडलो. "सहाण पाहा वर जाऊन! सिस्टर, तुमी सांगा ना!"

वानखडे सिस्टर ऑक्सिजनची जास्तीची नळी गुंडाळत होत्या. गुंडाळून झालेली नळी त्यांनी सोडली, आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला लागल्या. सरांच्या मुलीने बाळाच्या कपाळावरचं काजळ ओल्या बोटाने पुसलं. वर पाहिलं नाही.

खांद्यावरचा हात जरा दाबला गेला. "तुम्ही घरी जा आता," सर म्हणाले. "उद्या येऊ नका."

मोठ्या बाईंनी पदर सावरला.

"चला व्याहीबुवा, पानं वाढली हायत. उठलं ना बाळ? नाव ठेवून घेऊ."

अकोल्यातल्या ज्या-ज्या बालरुग्णालयात गेलो, तिथे ही बातमी माझ्याआधी पोचलेली होती. अमरावतीतही पोचली. कोर्सला दुसऱ्याच कोणाला पाठवलं. मी परत हाडांच्या वॉर्डात आहे. लहान मुलांचं काम मला त्यानंतर कोणी दिलेलं नाही.